दोन ठोक्यांमधली चित्रं

गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. जपानी अ‍ॅनिमे सेकंदाला २४ फ्रेमनं चालतं, म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात १२ फ्रेम बसतात. फ्रेम १२ असल्या तरी चित्रं १२ असतीलच असं नाही. बहुतेक वेळा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे हातात खरी सहा किंवा चारच चित्रं येतात. अ‍ॅनिमेच्या दृश्यांना आवडतं गाणं जोडून रसिक जे व्हिडिओ करतात, त्यांना एएमव्ही म्हणतात. त्यातलं सगळं कसब या चार-सहा चित्रांपाशी येऊन ठेपतं. चकाकणारे इफेक्ट, गरगर फिरणारी ट्रान्झिशन्स, पडद्याला बसणारे हादरे हे सगळं त्यानंतर येतं. शिकणारे बहुतेक जण मात्र हादऱ्यांकडून आत शिरतात. मीही तशीच शिरले, आणि चित्रांपर्यंत पोचायला बराच काळ गेला.

चित्रं एवढी कमी का, यामागे पैशाचं आणि वेळेचं गणित आहे. १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर ओसामु तेझुका यांची मालिका सुरू झाली, जी बाहेरच्या जगात ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून गाजली. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता आणि हातात पैसा थोडा होता. म्हणून एकेक चित्र जास्त वेळ धरलं, पात्र बोलताना फक्त ओठ हलवले, पळताना माणूस जागेवर ठेवून मागचा देखावा सरकवला, जुनी चित्रं पुन्हा वापरली. त्या काटकसरीतून पुढे एक शैलीच उभी राहिली. पात्र स्तब्ध उभं आहे, वाऱ्यावर फक्त केस उडताहेत, आणि तरी बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे अ‍ॅनिमेला साधतं ते त्यातूनच. एएमव्ही करणाऱ्यानं हे ठाऊक करून घ्यायलाच हवं असं माझं मत आहे. आपण ज्या दृश्याचा वेग वाढवायला किंवा कमी करायला बसतो, त्यात मुळात चित्रं किती आहेत हे कुणीतरी फार आधी ठरवून ठेवलेलं असतं.

मी कामशेतची. सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला जाते, मध्ये मळवली हे एकच स्टेशन लागतं. लोणावळ्यात एका फोटो स्टुडिओत लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडचं प्री-वेडिंग म्हणजे पवना धरणाचं पाणी आणि मागे तुंग-तिकोना, नाहीतर पावसाळ्यात टायगर पॉइंटवरचं धुकं. अ‍ॅनिमेची ओळख मामाच्या मुलानं करून दिली. तो फोनवर ‘नारुतो’ बघायचा आणि त्यातल्या मारामाऱ्यांचे तुकडे गाण्यावर जुळवलेले व्हिडिओ मला दाखवायचा. “ताई, तू लग्नाची गाणी जुळवतेस, हे पण करून दाखव ना,” असं त्यानं म्हटलं आणि मी फोनवरच सुरुवात केली, आधी काइनमास्टरमध्ये, मग अलाइट मोशनमध्ये. स्टुडिओच्या दादांना कळल्यावर त्यांनी संध्याकाळी मशीन वापरायची मुभा दिली. “कामाची डिलिव्हरी झाल्यावर बस. आणि लाइट गेली की यूपीएसवर रेंडर चालू ठेवू नकोस,” एवढीच त्यांची अट. मावळातल्या पावसाळ्यात ती अट रोज आठवावी लागते.

या छंदाची सुरुवात कुठे झाली ते मी पुढे वाचलं. १९८२ साली अमेरिकेत जिम कापोस्तास या तरुणानं दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले, ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या मालिकेतली सगळ्यात हिंसक दृश्यं निवडली आणि ती बीटल्सच्या प्रेमावरच्या प्रसिद्ध गाण्यावर बसवली. हा पहिला एएमव्ही मानला जातो. दोन व्हीसीआरवर ट्रान्झिशन वगैरे काही करता येत नाही. एकावर टेप चालवायची, दुसऱ्यावर नेमक्या क्षणी रेकॉर्डचं बटण दाबायचं, एवढंच. त्या व्हिडिओचा सगळा परिणाम कुठलं दृश्य कुठल्या ओळीवर ठेवलं यातून आला. आज सॉफ्टवेअरमध्ये शेकडो इफेक्ट आहेत, तरी निवडीचं हे काम कुठल्याही बटणावर आलेलं नाही.

स्टुडिओत तयार ट्रान्झिशनचे, म्हणजे प्रीसेटचे, गठ्ठेच्या गठ्ठे असतात. क्लिपवर ओढून टाकलं की झूम, फिरकी, ग्लिच, जे हवं ते. लग्नाच्या कामात ते बरोबरही आहे, कारण सात-आठ तासांच्या फुटेजमधून चार मिनिटं काढायची असतात आणि मुलीच्या घरचे फोनवर फोन करत असतात. पण त्यातलं एक ट्रान्झिशन मी आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आत काय आहे ते पाहिलं, आणि माझं खरं शिकणं तिथून सुरू झालं.

आत अगदी साधी यंत्रणा होती. समजा पहिलं दृश्य डावीकडे निसटतं आणि दुसरं उजवीकडून आत येतं. चित्र सरकलं की त्याच्या मागे काळी कडा उघडी पडते. ती झाकायला मोशन टाइल नावाचा इफेक्ट चित्राच्या चारी बाजूंना त्याचीच आरशातली प्रत लावतो. वेगात ती प्रत डोळ्याला ओळखू येत नाही. मग दोन कीफ्रेम, एक निघण्याची आणि एक पोचण्याची. या दोन टोकांमध्ये वेग कसा चढतो आणि कसा उतरतो ते ग्राफमध्ये ठरवायचं. पहिल्या दृश्याचा वेग कटपर्यंत चढत जायला हवा, दुसऱ्याचा कटपासून उतरत यायला हवा, आणि कट बरोबर शिखरावर पडायला हवा. शिखर दोन फ्रेम इकडे-तिकडे झालं की दोन दृश्यं एकमेकांवर आदळल्यासारखी वाटतात. हे हातानं करून बघितल्यावर तयार प्रीसेटबद्दलचं माझं मतही बदललं. प्रीसेट वापरण्यात कमीपणा काही नाही. तो उघडून बघितला की तो आपला शिक्षक होतो.

पण दृश्य डावीकडेच का निसटावं? या प्रश्नाचं उत्तर प्रीसेटमध्ये नसतं, ते चित्रात असतं. पहिल्या दृश्यात पात्राचे केस डावीकडे उडत असतील, तलवार डावीकडे फिरत असेल, कॅमेरा डावीकडे वळत असेल, तर तो वेग आधीच तिथे आहे. आपण त्याला फक्त पुढे न्यायचं. दुसऱ्या दृश्यातही त्याच दिशेची हालचाल शोधायची. दोन्हीकडे ती सापडली तर पुष्कळदा कुठलाही इफेक्ट लागत नाही, साधा कट पुरतो. मी आता कुठलंही दृश्य टाइमलाइनवर आणण्याआधी त्याच्या नावापुढे बाण लिहून ठेवते, उजवा, डावा, वर, खाली, आत, बाहेर. गाणं ऐकताना ते बाण एकमेकांना आपोआप सापडतात.

फ्रेमचा हिशेबही असाच शिकले. आपल्याकडे लग्नाचं शूट सेकंदाला २५ फ्रेमनं होतं, कारण टीव्हीचा जुना मापदंड तो. अ‍ॅनिमे २४ चं, काटेकोर बोलायचं तर २३.९७६ चं. ते २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सेकंदाला एक फ्रेम दुबार दिसते आणि सरकत्या देखाव्यात एक बारीक अडखळ येते. बघणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण खुपतं. म्हणून टाइमलाइन अ‍ॅनिमेच्या मापाची करायची आणि गाणं त्यावर मोजायचं. ९० च्या लयीत ठोक्याला १६ फ्रेम, १४४ ला १०, १६० ला ९. नाचाची गाणी बरीचशी १२८ ची असतात, तिथे ठोक्याला सव्वाअकरा फ्रेम येतात. पाव फ्रेम तर कापता येत नाही. मग चार ठोक्यांच्या ४५ फ्रेम धरायच्या आणि ११, ११, ११, १२ अशा वाटायच्या. बाराची जागा कुठे द्यायची ते कानानं ठरवावं लागतं. मी ती शेवटच्या ठोक्याला देते, कारण पुढच्या आवर्तनाआधी डोळ्याला जरा उसंत मिळालेली चांगली.

संथ गतीचं प्रकरण सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं तेही त्यानंच. एएमव्हीत दृश्य ठोक्याआधी संथ होतं आणि ठोक्यावर झपकन सुटतं, याला वेलॉसिटी म्हणतात. संथ करायला जास्त चित्रं लागतात आणि ती मुळात नसतात. ट्विक्सटरसारखं प्लगइन शेजारच्या दोन फ्रेम बघून मधली फ्रेम स्वतः बनवतं. कॅमेऱ्यानं घेतलेल्या दृश्यावर ते छान चालतं. अ‍ॅनिमेत तेच चित्र तीन फ्रेम धरलेलं असतं, त्यामुळे प्लगइनला वाटतं की दोन फ्रेम काहीच हललं नाही आणि तिसरीला सगळं एकदम उडी मारून गेलं. मग संथ गतीत दृश्य थांबतं, झेपावतं, थांबतं, झेपावतं. उपाय असा की आधी दुबार फ्रेम एकेक करून काढून टाकायच्या, खरी चित्रं तेवढी ओळीनं मांडायची, आणि मग मधल्या फ्रेम बनवायला सांगायच्या. इतकं करूनही बोटं एकमेकांत मिसळतात, आणि मागच्या भिंतीची रेघ पात्राच्या गालाला चिकटून ओघळते, पाक बसायच्या आधी चिक्की कापली तर कडा ओघळतात तशी. अशा ठिकाणी पात्र मागच्या देखाव्यापासून कापून वेगळं करायचं आणि दोघांना स्वतंत्र संथ करायचं. वेळ फार जातो, पण दुसरा इलाज मला माहीत नाही.

दुबार फ्रेम काढायच्या म्हणजे दृश्य बाण-कीनं एकेक पाऊल पुढे न्यायचं. ‘डीमन स्लेयर’ या अ‍ॅनिमेमधला तलवारीचा एक वार मी असा उघडत होते. पहिल्या चित्रात हात मागे, तलवार नीट रेखलेली, मुठीवरची गुंडाळीसुद्धा दिसते. दुसऱ्यात खांदा पुढे. तिसऱ्यात तलवार नाहीच. तिच्या जागी एक लांबट पांढरट ओरखडा, हाताचं मनगट ताणलेलं, बोटं किती ते मोजता येत नाहीत. चौथ्यात वार पूर्ण, तलवार पुन्हा नीट, आणि तिच्यामागे पाण्याची लाट. त्या तिसऱ्या चित्राला स्मिअर म्हणतात. चालू दृश्यात ते दिसत नाही, पण ते नसेल तर वाराला धार येत नाही. काही ठिकाणी आघाताच्या क्षणी एक-दोन फ्रेमपुरतं सगळं चित्र काळ्या-पांढऱ्यात उलटं केलेलं असतं, तेही असंच हातानं काढलेलं.

हे बघितल्यावर मोशन ब्लर सरसकट लावणं मी बंद केलं. चित्रकारानं वेगाचा पुसटपणा स्वतः काढून ठेवलाय आणि त्यावर मी यंत्राचा पुसटपणा पसरला तर दोन्हींचा चिखल होतो. जिथे स्मिअर आहे तिथे ब्लर शून्य. जिथे कॅमेरा सरकतोय आणि चित्र मात्र स्थिर आहे, तिथे ब्लर लावला तर शोभतो. आणि कटची जागा निवडायची झाली तर स्मिअरच्या फ्रेमवर कट घेतलेला सगळ्यात बेमालूम बसतो, कारण तिथे आकार मुळातच सुटलेला असतो. पुढच्या दृश्यातल्या एखाद्या ओरखड्याशी तो जुळवला की बघणाऱ्याला जोड सापडत नाही. सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी कुणीतरी एवढं मन लावून तुटकं, ताणलेलं, एकटं बघितलं तर कुरूप वाटेल असं चित्र काढलं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. ज्यांच्या कामावर आपण काम करतो त्यांची ओळख अशीच होते.

मास्क ट्रान्झिशन मात्र मला गाडीनं शिकवलं. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या मार्गावर बोगद्यांची रांग आहे. खिडकीत बसलं की हिरवी दरी, मग काळोख, मग वेगळीच दरी. काळोख आत शिरतो तो एका कडेकडून, बोगद्याच्या दगडी कमानीच्या रेषेत, आणि जातो तोही तसाच. शेजारून दुसरी गाडी गेली की तिच्या दोन डब्यांच्या फटीतून पलीकडचं स्टेशन तुकड्या-तुकड्यानं दिसतं. दृश्यातलीच एखादी वस्तू पुढून जाते आणि तिच्या मागोमाग नवं दृश्य उलगडत येतं, मास्क ट्रान्झिशन म्हणजे हेच. पेन टूलनं त्या वस्तूची कड फ्रेमगणिक कोरत जायचं. माकोतो शिनकाई यांच्या २०१६ च्या ‘युअर नेम’ या सिनेमात जमिनीलगत कॅमेरा ठेवून सरकत्या दाराची दृश्यं पुन्हा पुन्हा येतात. ती बघितली तेव्हा वाटलं की ट्रान्झिशन कापून हातात दिलंय. दार बंद होतं तिथे एक जग संपवायचं, उघडतं तिथे दुसरं सुरू करायचं, झालं.

मळवली स्टेशनवर गाडी थांबते तेव्हा अलीकडे माझं लक्ष वेगळ्या कारणानं बाहेर जातं. पर्यटक तिथे भाजे लेणी आणि लोहगड-विसापूरसाठी उतरतात. पण १८९९ च्या सुमाराला राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून याच मळवलीला आला. घराघरांत लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं इथे दगडावर छापली जात. त्या शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एका चित्रासाठी तोच कागद एकामागून एक अनेक दगडांवरून जायचा, आणि दर वेळी आधीच्या छापाशी तंतोतंत जुळायला हवा. पुढे छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ साली आगीत जळाला. आफ्टर इफेक्ट्समध्ये मी लेअरवर लेअर चढवत असते. त्या कामाचं मूळ आपल्याच वाटेवरच्या स्टेशनपाशी सापडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

जपानी लाकडी ठशांची चित्रंही याच तत्त्वावर होत. रंगागणिक वेगळा ठसा, आणि कागद जुळवायला लाकडात कोरलेल्या खाचा. ‘डीमन स्लेयर’मधली पाण्याची लाट त्या ठशांच्या चित्रांसारखी रेखलेली आहे. मळवलीचे दगड आणि तिकडचे लाकडी ठसे यांची चिंता एकच होती, रंग सरकता कामा नये. आज आम्ही तोच रंग मुद्दाम सरकवतो. ग्लिच म्हणून जो इफेक्ट लोकप्रिय आहे, त्यात चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून दोन-तीन फ्रेमपुरते बाजूला ढकलतात. आमच्या घरी आजीच्या वेळचं लक्ष्मीचं एक छापील चित्र आहे. त्यात पदराच्या काठाशी लाल रंग रेषेच्या जरासा बाहेर गेलाय. ते बघताना मला कळलं की सरकलेला रंग का उठून दिसतो. आपला डोळा जुळलेल्या रंगाची अपेक्षा धरून असतो. म्हणून मी रंग हालचालीच्या दिशेनंच फोडते आणि ठोका पडेपर्यंत ते पुन्हा जागेवर आणते. नुसतेच फुटलेले ठेवले तर बघणारा पुढच्या दृश्यातही ते जुळायची वाट बघत राहतो.

या छापखान्याशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, ते म्हणजे दादासाहेब फाळके. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी लोणावळ्यात स्वतःचं छपाईचं काम उभं केलं होतं. रविवर्मा छापखान्यासाठी ते फोटो-लिथोचं काम करत. तिरंगी ब्लॉक बनवणं त्यांना येत होतं, आणि छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावून रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती. १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्या नाचवल्या, त्याही एकेक फ्रेम घेऊन. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला त्यांची लहान मुलगी मंदाकिनी साध्या वेशात चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते, आणि बघता बघता तीच कृष्ण होते. तो विरघळता जोड मी थांबवून थांबवून पाहिलाय. डोळे आणि चेहरा जागच्या जागी राहतात, वेश बदलतो. रंग जुळवण्याची छापखान्यातली नजर तिथे दिसते असं मला वाटतं. आज चेहऱ्यावर चेहरा जुळवून केलेला मॅच कट आम्ही आधुनिक म्हणून मिरवतो, तो आमच्या गावाशेजारी काम केलेल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलाय.

आमच्याकडच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती ऐकतात, पण हात हादऱ्याच्या इफेक्टकडेच जातो. त्यात त्यांचा दोष नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर हादरा लगेच पोचतो. माझा आग्रह एवढाच असतो की हादरा दिला तर तो विझलाही पाहिजे. आघाताला सगळ्यात मोठा, मग प्रत्येक फ्रेमला कमी, आठ-दहा फ्रेममध्ये शांत. जो हादरा पुढच्या ठोक्यापर्यंत चालूच राहतो, तो त्या ठोक्याची जागा खाऊन टाकतो.

ठोक्याची ही जाण मला घरातून मिळाली. अण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. डाव्या पुडीला कणीक लावत बसले होते तेव्हा मी विचारलं, “अण्णा, गजर चढल्यावर एवढ्या लयीत तुम्ही समेवर नेमके कसे येता?”

“समेवर येत नाही बाळा कुणी,” ते म्हणाले. “आधीच निघालेलं असतं माणूस. थाप ऐकू येते तेव्हा हात पोचलेला असतो.”

त्या रात्री मी टाइमलाइन उघडली आणि सगळे कट ठोक्याच्या एक फ्रेम आधी घेतले, दृश्याची हालचाल त्याच्याही पाच-सहा फ्रेम आधी सुरू केली. व्हिडिओ एकदम सैलावला, श्वास घेऊ लागला. पुढे लग्नाच्या कामातही मी तेच केलं. अंतरपाट दूर होतो ते दृश्य तुतारीच्या सुरावर ठेवायचं असेल तर धरणाऱ्यांचे हात हलू लागतात तिथून क्लिप घ्यायची.

सध्या करते आहे ते काम अण्णांच्या पखवाजावरच आहे. एक कारण व्यवहाराचं आहे. गाणी कुणाची तरी असतात, अ‍ॅनिमेही कुणाचं तरी असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रसिकांच्या व्हिडिओंना वेगळी सूट नाही, आणि गाणं ओळखणारी यंत्रणा व्हिडिओ टाकल्या टाकल्या तो अडवू शकते. एएमव्हीवर मी पैसे कधीच घेत नाही आणि घेऊ नयेत असंच मला वाटतं. निदान आवाज तरी आपला असावा, म्हणून एकादशीच्या भजनानंतर अण्णांनी आणि टाळकऱ्यांनी नुसता ठेका आणि गजर वाजवून दिला. चित्रं ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ची घेतली आहेत. युगो साको आणि राम मोहन यांनी भारत आणि जपान मिळून केलेला हा सिनेमा १९९३ चा, २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला होता.

माणसाच्या हाताला ठरीव लय नसते. संगणकाची जाळी इथे चालत नाही, प्रत्येक थापेवर मीच खूण करते. सुरुवातीला दोन थापांमध्ये १६-१७ फ्रेम मिळतात, गजर चढला की सातच. तीन-तीन फ्रेम धरलेल्या दृश्यात सात फ्रेम म्हणजे दोन चित्रं आणि एक उरलेली फ्रेम. तिथे ट्रान्झिशनला जागाच नाही. म्हणून चढत्या भागात मी हनुमानाच्या उड्डाणाची अशी दृश्यं शोधते आहे ज्यात चित्रं दाट आहेत, आणि ती साध्या कटनं लावते. इफेक्ट सगळे विलंबित भागात ठेवलेत, ढगांच्या थरांत, समुद्राच्या चकाकीत.

परवा तयार झालेला भाग अण्णांना दाखवला.

“ही सगळी हातानं काढलीत?”

“हो अण्णा, एकेक.”

“मग त्यांची नावं कुठायत?”

मी त्यांना सिनेमाच्या शेवटची नावांची यादी दाखवली. ती बराच वेळ वर सरकत राहिली. आमच्या व्हिडिओत शेवटी पाटी द्यायची ठरली. आधी सिनेमाचं आणि दिग्दर्शकांचं नाव, मग चित्रकारांच्या यादीची एक अख्खी चौकट, आणि खाली पखवाज म्हणून अण्णांचं. अण्णांनी स्वतःचं नाव काढून मंडळाचं घालायला सांगितलं. लंकेचा भाग अजून लावायचा राहिलाय. तिथे लय आणखी चढते आणि टाळ पखवाजाच्या किंचित पुढे जातात, तेव्हा खुणा टाळांवर करायच्या की पखवाजावर, हे मंडळी रविवारी जमतील तेव्हा त्यांनाच विचारणार आहे.